दोघांनी करायचं काम

"डोकं!" शालिकभाऊ म्हणाले.

"डोकं," मी रजिस्टरात बघून म्हटलं आणि बरोबरची खूण केली.

शालिकभाऊंनी काडीला गुंडाळलेला कापूस पिक्रिक अॅसिडच्या पिवळ्याजर्द पाण्यात बुडवला, डाव्या हातात धरलेल्या पांढऱ्या उंदराच्या डोक्यावरून दोनदा फिरवला आणि उंदीर धुतलेल्या पिंजऱ्यात सोडला. हळद लागलेल्या नवरदेवासारखा तो कोपऱ्यात जाऊन बसला.

मे महिना, साल एकोणीसशे शहात्तर, गाव नागपूर. खिडकीतला वाळ्याचा कूलर घरघरत होता, आणि तरीही प्राणिगृहात जीव नकोसा व्हावा इतकं उकडत होतं. पिंजरे धुवायचा दिवस होता. बारा उंदीर तीन इनॅमलच्या टबांत काढून ठेवलेले, एका टबात चार. पहिल्या गटाच्या उंदरांना डोक्यावर खूण, दुसऱ्याला पाठीवर, तिसऱ्याला शेपटीवर. उन्हाळ्यात उंदरांचे केस गळतात, रंग फिका होतो, म्हणून खुणा तीन आठवड्यांनी पुन्हा रंगवाव्या लागत. आणि हे काम एकट्याने करायचं नाही, असा आमच्या संस्थेचा नियम होता. एकाने उंदीर हातात घेऊन उरलेली फिकी खूण ओरडून सांगायची, दुसऱ्याने रजिस्टर बघून तीच परत म्हणायची, मगच रंग लावायचा. टबांची अदलाबदल झाली तर तिथल्या तिथे कळावं, यासाठी हे सगळं.

"पाठ!"

"पाठ."

"बाई, तुमी आज लय हळू बोलून रायल्या. जेवल्या नाई का?"

"जेवले हो."

"खोटं. पाठ!"

"पाठ," मी म्हटलं, आणि त्या दिवसातलं माझं पहिलं हसू आलं.

मी रत्नागिरीहून पीएचडी करायला नागपूरला आले होते, त्याला तीन वर्षं होत आली होती. धरमपेठेत एका विधवा बाईंकडे खोली घेतली होती. त्या संध्याकाळी सातला दाराला कडी घालत आणि माझ्याशी नळाला पाणी आलं की नाही एवढंच बोलत. विभागात मी एकटीच मुलगी. बाकीचे चौघे संशोधक चार वाजले की आमच्या केकरे सरांच्या खोलीत चहाला जमत. मला कोणी या म्हटलं नाही, येऊ नका असंही म्हटलं नाही. आतून हसण्याचा आवाज यायचा. मी तेव्हा काचपट्ट्या पुसत बसायचे. पुसलेल्या पुन्हा पुसायचे.

दिवसभरात माझ्याशी माणसासारखं बोलणारा माणूस एकच होता, प्राणिगृहातले शालिकराम गोतमारे. बावीस वर्षं त्यांनी या उंदीर-सशांची उस्तवार केली होती. चौथी शिकलेले, पन्नाशीचे, पिवळ्या बोटांचे. पिक्रिक अॅसिडचा डाग जाता जात नाही. बायको म्हणते, तुमच्या हातचं वरण हळद न घालताच पिवळं होते, असं ते सांगायचे. रविवारी सुट्टी असूनही मी प्राणिगृहात जायचे. उंदरांना पाणी घालायला, असं मी घरमालकिणीला सांगत असे.

आमचं काम काय होतं, ते थोडक्यात सांगते. शरीरात परकं द्रव्य शिरलं की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. द्रव्य आणि प्रतिपिंड एकमेकांना धरून बसले की त्यांच्या गाठी होतात, आणि या गाठी किडनीतल्या बारीक चाळणीत सापडतात. किडनी त्यांनीच बिघडते. पण त्या तिथे येतात कशा? केकरे सरांचं मत पक्कं होतं: गाठी रक्तात तयार होतात, वाहत येतात आणि मोरीच्या जाळीत शितं अडकावीत तशा चाळणीत अडकतात. बारा वर्षं सशांवर प्रयोग करून त्यांनी हे मांडलं होतं, आणि तेव्हा बहुतेक सगळे असंच मानत.

माझ्या प्रयोगाने त्यावर शिक्कामोर्तब व्हायचं होतं. पहिल्या गटाला, म्हणजे डोक्यावर खूण असलेल्यांना, एप्रिलमध्येच तयार गाठी टोचल्या होत्या. त्यांच्या चाळणीत त्या सापडायला हव्या होत्या. पाठीवाल्यांना नुसती प्रतिपिंडं दिली, परकं द्रव्य दिलंच नाही. रक्तात गाठी होण्याचा प्रश्नच नाही, तेव्हा त्यांची चाळणी स्वच्छ निघायला हवी होती. शेपटीवाले तुलनेपुरते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी किडन्यांचे पातळ काप करून, त्यांना चमकणारा रंग लावून, अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. डोकेवाल्यांच्या चाळणीत काहीतरी हिरवट होतं, पण अगदीच मिणमिणतं. मग पाठीवाल्यांची पहिली पट्टी सरकवली, आणि मी खुर्ची मागे ढकलून उभीच राहिले.

चाळणी हिरव्या कणांनी गच्च भरलेली होती.

चारही उंदरांची तीच गत. जिथे काहीच असायला नको तिथे सगळं होतं. याचा अर्थ एकच निघत होता: गाठी कुठून वाहत आल्याच नव्हत्या. किडनीच्या चाळणीत मुळातच असं काहीतरी होतं की प्रतिपिंडांनी जागेवरच त्याला धरलं. गाठी तिथेच, किडनीत, जन्मल्या होत्या.

एवढी मोठी गोष्ट मला कळली होती आणि सांगायला कोणी नव्हतं. मी धावत प्राणिगृहात गेले आणि शालिकभाऊंना हाताला धरून घेऊन आले.

त्यांनी टोपी काढली, एक डोळा मिटला आणि बराच वेळ बघितलं.

"हिरवी मोहरी सांडल्यावानी दिसते जी."

"हे पाठीवाले आहेत, शालिकभाऊ."

"मंग? हे चांगलं का वाईट?"

"वेगळं आहे. फार वेगळं आहे. सरांना आवडणार नाही."

"खरं असन तं आवडो का ना आवडो," ते म्हणाले आणि टोपी घालून ससे वाट बघत असतील म्हणून निघून गेले.

सरांनी पट्ट्या दोनदा बघितल्या. मग मला त्यांच्या खोलीत नेलं. वाईट माणूस नव्हता तो. कडक होता, पण कुणाचं काम आपल्या नावावर खपवणाऱ्यांतला नव्हता. त्यांनी माझं रजिस्टर उघडलं.

"मिस नेवरेकर, पहिला आणि दुसरा गट उलट करून बघा. डोक्याच्या जागी पाठ, पाठीच्या जागी डोकं. काय दिसतं?"

मी रजिस्टर पुढे ओढलं. उलट केलं की सगळं सरांच्या म्हणण्याप्रमाणे चोख बसत होतं.

"मेमध्ये पिंजरे धुतले तेव्हा दोन टब बदलले गेले आणि चुकीच्या खुणा रंगवल्या गेल्या. दुसरं काय असणार? फिक्या खुणा होत्या."

"सर, एकाने म्हणायचं आणि दुसऱ्याने परत म्हणायचं असा नियम आहे..."

"नियम मला माहीत आहे, मीच केलाय." त्यांनी चष्मा काढला. "पुन्हा प्रयोग करा म्हटलं असतं. पण उंदरांत रोग शिरलाय, सहा महिने नवे मिळायचे नाहीत, आणि तुमची फेलोशिप ऑगस्टपर्यंत. म्हणून सरळ विचारतो. त्या दिवशी रजिस्टर घेऊन तुम्ही बसला होता. सगळे बारा उंदीर होईपर्यंत तुम्ही जागेवर होता?"

मी होते. बाराच्या बारा वेळा मी उत्तर दिलं होतं. माझा घसा सुकला होता आणि शालिकभाऊंनी मला जेवल्या नाई का म्हणून विचारलं होतं.

पण हो म्हटलं की पुढे काय, ते मला दिसत होतं. सरांशी वाद. फेलोशिप संपणार. तीन वर्षं पाण्यात घालून रत्नागिरीला भावाच्या घरी परत, वहिनीच्या हाताखाली. हे सगळं मनात आलं हे खरं. पण त्या क्षणी जे सगळ्यात वर आलं ते याहून बारीक होतं, आणि ते मी पुढे कितीतरी दिवस स्वतःलाही सांगितलं नाही.

"मी... मध्ये उठून गेले होते सर," मी म्हटलं. "डोकं दुखत होतं. परत येऊन बरोबरच्या खुणा केल्या."

सरांनी रजिस्टर मिटलं. मग त्यांनी श्वास सोडला.

"म्हणजे शालिकने एकट्याने उरकलं. तुमचीही चूक आहे नेवरेकर, मोठी चूक आहे. पण निदान खरं बोललात." त्यांनी घड्याळ बघितलं. चार वाजत आले होते. "बसा आता. चहा येतोय."

आणि मी बसले. चौघे आले, माझ्याकडे बघून जरा थबकले, मग कोणीतरी खुर्ची सरकवली. बशीत पार्ले बिस्किटं होती. कोणीतरी विद्यापीठातल्या एका कारकुनाची नक्कल केली आणि मीही सगळ्यांबरोबर हसले. मला आठवतं, फार बरं वाटलं होतं. लाज वाटायला हवी होती. ती नंतर आली.

शालिकभाऊंना आठवड्याभरात काचसामान धुवायच्या खोलीत हलवलं. पगार तोच, पण बावीस वर्षांचं काम गेलं. बदली झाली त्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. ते आता विचारणार, म्हणून मी खाली मान घालून काप करत राहिले.

"बाई, त्या चार नंबरच्या सशाले पाला ओला देऊ नका म्हनाव नव्या मानसाले. त्याचं पोट बिघडते."

"सांगते."

"येतो जी."

एवढंच. तेव्हापासून रोज सकाळी धुण्याच्या खोलीवरून जाताना ते हात वर करून नमस्कार करत, अगदी पूर्वीसारखा. मी मान हलवून पुढे सटकत असे. मला वाटे, हा माणूस मला रोज सकाळी मुद्दाम टोचतोय. मी जिन्याचा लांबचा रस्ता धरला. मग कळलं की ते त्या जिन्याच्या तोंडाशीही बाटल्या वाळत घालायला येतात.

थिसिस झाला. गट उलट करून. तळटीप दिली: खुणा रंगवताना झालेली अदलाबदल दुरुस्त करून घेतली आहे. परीक्षकांनी वाखाणला. मला तिथेच नोकरी लागली आणि चारच्या चहाला माझी खुर्ची ठरून गेली. काही दिवसांत त्या चहाची मला सवय झाली, आणि मग हळूहळू तो नकोसाही झाला. तिथे बोलायचे ते क्रिकेट, बढत्या आणि एकमेकांची उणीदुणी. मी जेवले की नाही, हे तिथे कोणी विचारलं नाही.

अडीच वर्षांनी, एकोणऐंशीच्या जानेवारीत, सरांनी मला बोलावलं. टेबलावर बोटीने आलेलं परदेशी जर्नल उघडं होतं. कोणीतरी उंदराची किडनी रक्त धुऊन स्वच्छ केली होती, तिच्यातून नुसती प्रतिपिंडं सोडली होती, आणि चाळणी कणांनी भरली होती. रक्त नाही, वाहून येणं नाही. जागेवरच. खाली छायाचित्र होतं. काळ्यापांढऱ्यात छापलेलं, पण मी ओळखलं.

सरांनी दार लावून घेतलं.

"नेवरेकर, एकदाच विचारतो. त्या दिवशी तुम्ही खरंच उठून गेला होता?"

"नाही सर."

ते खुर्चीत मागे टेकले. चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. एकदम म्हातारे दिसले.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला ते ऐकायचं नव्हतं, असं वाटलं."

"नव्हतंच," ते म्हणाले. "पण मी विचारलं होतं. तुम्ही हो म्हटलं असतंत तर मी भांडलो असतो, महिनाभर बोललो नसतो, आणि मग नवे उंदीर आल्यावर प्रयोग पुन्हा केला असता. मी एवढाही हट्टी नाही." जर्नल मिटून त्यांनी ते बाजूला सारलं. "मला हवं तेच तुम्ही सांगितलंत आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. ती माझी चूक. थिसिसमधली दुरुस्ती मी विद्यापीठाला कळवतो, तुमच्या-माझ्या दोघांच्या सहीने. शालिकला तुम्ही सांगा. ते मी करणार नाही."

शालिकभाऊ सोड्याच्या पाण्यात बाटल्या घासत होते. त्यांच्या बोटांचा पिवळा रंग केव्हाच गेला होता. कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. मी दारातच उभी राहून म्हटलं,

"शालिकभाऊ, तुमच्या खुणा बरोबर होत्या. टब बदलले नव्हते."

त्यांचा हात थांबला.

"कसं कळलं जी?"

"तिकडे परदेशात कोणीतरी केलं. तेच निघालं. आणि..." मी दारातून आत आले. "आणि मी कुठे गेले नव्हते. मी तिथेच बसून होते. शेवटच्या उंदरापर्यंत."

मला वाटलं होतं ते म्हणतील, मले माहीत व्हतं. अडीच वर्षं मी त्याच वाक्याची तयारी करत होते. पण त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली, दंडाने कपाळ पुसलं आणि ते स्टुलावर बसले.

"तुमी तिथं व्हत्या?"

"हो."

"म्हंजे मी पाठ म्हनलं का तुमीबी पाठ म्हनत व्हत्या? ते खरंच व्हतं?"

"म्हणजे काय?"

"सरांनी मले बोलावलं तवा म्हनले, बाई मधात उठून गेल्त्या. मी म्हनलं नाई जी, त्या आखरीपर्यंत बोलून रायल्या व्हत्या. मी आयकलं. सर म्हनले, बाईनं सोता सांगितलं." ते आपल्या हातांकडे बघत होते. "मंग मी इचार केला. एवढ्या शिकल्या बाई, त्या कायले खोटं बोलतीन? त्याइचं त्यात काय जाते? तं मंग माह्याच कानाले भास झाला असन. रिकाम्या खुर्चीले मी पाठ म्हनत व्हतो अन् मलेच उत्तर आयकू येत व्हतं."

मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले.

"माहा बाप आखरीले असाच झाल्ता. कोनी नसे तं बोलत बसे. मले वाटलं, सुरू झालं आपलं. मंग मी घरीबी सांगून टाकलं, मले काई इचारू नका. बायकोची गोळी मी देत नाई. पोरगी देते. दाराले कुलूप लावलं तं तीनदा परत जाऊन पायतो. तुमाले रोज नमस्कार करो नं, तो याच्यासाठी. तुमी मान हालवल्या का मले वाटे, हां, आज बाई खरंच हायत."

नळ थेंबथेंब गळत होता. त्यांनी उठून तो नीट बंद केला आणि परत बसले. मग त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. ते हसले. माझ्याकडे बघून नाही, स्वतःशीच.

"म्हंजे मी बरा हाव."

"बरे आहात. तुम्ही तेव्हाही बरे होतात."

"घरी सांगतो आज." पुन्हा एकदा ते म्हणाले, "बरा हाव मी." आणि मग, जणू आत्ता कुठे माझ्याकडे लक्ष गेलं, त्यांनी विचारलं, "मंग तुमी काऊन तसं सांगितलं, बाई? मी तुमचं काई वाईट केल्तं का?"

फेलोशिप, भाऊ, रत्नागिरी, उंदरांतला रोग, सगळं जिभेवर आलं होतं. त्यातलं काही खोटंही नव्हतं. पण त्या माणसासमोर आता एकच गोष्ट सांगण्यासारखी उरली होती.

"त्यांनी मला चहाला बोलवावं म्हणून," मी म्हटलं.

"चहाले?"

"चार वाजता सगळे आत बसायचे. मी एकटी बाहेर. तीन वर्षं. सरांना हवं ते सांगितलं तर आत घेतील असं वाटलं. घेतलंही."

शालिकभाऊंना राग यायला हवा होता, मला तो झेलता आला असता. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी नीट कळेना म्हणून माणूस बघतो, तसं ते बघत होते.

"चहा तं मीबी पाजला असता नं बाई," ते म्हणाले. "तुमी कदी म्हनल्याच नाई."

मग त्यांनी बाही वर केली आणि दुसरी बाटली घासायला घेतली.

पुढच्या सोमवारपासून शालिकभाऊ प्राणिगृहात परत आले. सरांनी त्यांना स्वतः खाली येऊन नेलं, सगळ्यांदेखत माफी मागितली. मी मागे उभी होते. त्या दिवसानंतर शालिकभाऊंनी मला नमस्कार केला नाही. त्यांना आता त्याची गरज नव्हती.

संध्याकाळी सर माझ्या टेबलाशी थांबले.

"शालिक खुशीत आहे. एवढंच म्हणाला, रंगवताना रजिस्टर वाचायला दुसरं कोणी द्या."

"बरं सर," मी म्हटलं.

त्या संस्थेत मी आणखी सव्वीस वर्षं होते. माझे उंदीर रंगवायचा दिवस आला की मी शेजारच्या खोलीत काप करत बसायचे. भिंतीपलीकडून दोन आवाज यायचे, एक त्यांचा आणि एक दुसऱ्या कुणाचा तरी. ते निवृत्त झाले, तरी ती पद्धत तशीच राहिली, आणि मी कधी वाचायला गेले नाही.